हायड्रोजन नेमका कोणी काढला? कार्बनवर बसवलेले नॅनो-उत्प्रेरक तपासताना या चुका टाळा

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये स्वच्छ ऊर्जेवरील मंत्र्यांची आंतरराष्ट्रीय बैठक गोव्यात भरली, आणि तेव्हापासून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय मागायला येणारी बरीचशी मुले पाण्यापासून हायड्रोजन काढणारा उत्प्रेरकच मागतात. विषय चांगला आहे. पोटेन्शिओस्टॅट (विभव नियंत्रित करून प्रवाह मोजणारे उपकरण), नळीची भट्टी आणि थोडी रसायने एवढ्यावर कामाला सुरुवात करता येते, त्यामुळे मध्यम साधनांच्या प्रयोगशाळेलाही तो झेपतो. अडचण अशी, की या प्रयोगात चांगला आकडा मिळवणे सोपे असते आणि तो आकडा खरा असणे अवघड.

पाण्याचे विघटन करण्यासाठी २५ अंश सेल्सियसला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, आणि हायड्रोजन सुटतो त्या कॅथोडवर जो जादा व्होल्टेज खर्ची पडतो त्याला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. तो कमी करणे हे उत्प्रेरकाचे काम. धातूचे कण काही नॅनोमीटरचे ठेवले तर थोड्या धातूत भरपूर पृष्ठभाग मिळतो, परंतु असे सुटे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. त्यांना जागच्या जागी धरून ठेवायला आणि त्यांच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचवायला कार्बनचा आधार लागतो. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाह मिळण्यासाठी किती मिलिव्होल्ट लागले, यावर या उत्प्रेरकांची तुलना होते. हा प्रवाह कोणाच्या नावे लिहायचा, याचा हिशेब चुकणे हीच खाली दिलेल्या बहुतेक चुकांची जात आहे.

प्लॅटिनमची तार

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका विद्यार्थिनीने निकेल आणि कार्बनचा एक नमुना बनवला होता. पहिल्या दिवशी त्याला १० मिलिअँपिअरसाठी २६० मिलिव्होल्ट लागले, जे निकेलच्या मानाने ठीकच होते. तिने त्याच इलेक्ट्रोडवर सल्फ्युरिक आम्लात सीव्हीच्या (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज ठरावीक मर्यादेत पुन्हा पुन्हा वर-खाली नेणे) दोन हजार फेऱ्या चालवल्या आणि दुसऱ्या दिवशी आकडा ९० वर आला. तिने वहीत लिहिले, “उत्प्रेरक वापरानुसार सक्रिय होत जातो.” मलाही क्षणभर बरे वाटले, हे कबूल करतो. मग काउंटर इलेक्ट्रोडकडे, म्हणजे सर्किट पूर्ण करणाऱ्या समोरच्या इलेक्ट्रोडकडे, लक्ष गेले. ती प्लॅटिनमची तार होती.

कॅथोडवर हायड्रोजन सुटत असताना काउंटर इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन सुटत असतो, म्हणजे ती तार अत्यंत ऑक्सिडीकारक परिस्थितीत उभी असते. अशा वेळी प्लॅटिनमचा अंश विरघळतो. आम्लात तो अधिक विरघळतो, आणि द्रावणात क्लोराइड असेल तर आणखी. विरघळलेले आयन द्रावणातून फिरत कॅथोडवर येतात आणि तेथे पुन्हा धातू होऊन बसतात. एका चौरस सेंटिमीटरवर एखाद-दुसरा मायक्रोग्रॅम प्लॅटिनम जमला तरी आम्लातील हायड्रोजन निर्मितीचे चित्र पार बदलते, कारण या अभिक्रियेसाठी प्लॅटिनमइतका कुशल धातू दुसरा नाही, आणि भरपूर पृष्ठभाग असलेल्या कार्बनवर तो छान पसरून बसतो. म्हणजे आपण नकळत प्लॅटिनम-कार्बन उत्प्रेरकच बनवत असतो, तोही निकेलच्या नावाने. तिने ग्रॅफाइटची कांडी लावून नवा इलेक्ट्रोड तपासला, तेव्हा दोन हजार फेऱ्यांनंतर आकडा सुधारण्याऐवजी किंचित बिघडला.

त्यामुळे प्लॅटिनमरहित उत्प्रेरकाचे मापन करताना काउंटर इलेक्ट्रोड म्हणून ग्रॅफाइटची कांडी वापरावी. मात्र ग्रॅफाइटही पूर्ण निरुपद्रवी नसते. जास्त प्रवाहावर ते झिजते, कार्बनचे बारीक कण सुटून द्रावण काळसर होते, आणि ते कण कार्यकारी (उत्प्रेरक बसवलेल्या) इलेक्ट्रोडवर चिकटू शकतात. शक्य असेल तेथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून मध्ये नॅफियॉन या आयन जाऊ देणाऱ्या पॉलिमरचा पडदा लावावा. एवढे करूनही “वापरानुसार सुधारणारा” उत्प्रेरक दिसला, तर आनंद व्यक्त करण्याआधी वापरलेला इलेक्ट्रोड एक्सपीएससाठी (पृष्ठभागावरील मूलद्रव्ये ओळखायला) आणि द्रावण आयसीपी-एमएससाठी (विरघळलेल्या धातूंचा सूक्ष्म अंश मोजायला) पाठवावे. गोव्यात ही उपकरणे मोजक्या संस्थांत आहेत आणि तेथे रांग असते. तरीही तो निकाल हाती आल्याशिवाय प्रबंधात सक्रियतेचे स्पष्टीकरण लिहू नये.

त्याच भांड्यात सकाळी प्लॅटिनम-कार्बनचा तुलनात्मक नमुना तपासून दुपारी आपला नमुना तपासणे, ही याच चुकीची धाकटी बहीण आहे. प्लॅटिनमसाठी भांडे वेगळे ठेवावे.

लाल धूळ आणि करवंटीचा कोळसा

गोव्यात कार्बनचा आधार स्वस्तात बनवायचा म्हटले की नारळाच्या करवंट्या किंवा काजूची टरफले समोर येतात, आणि कल्पना वाईट नाही. करवंटीपासून उत्तम सक्रिय कार्बन बनतो हे उद्योगांना पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु वनस्पतीच्या कोळशात राख असते, राखेत पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका आणि थोडे लोह असते, आणि या राखेची दखल न घेता अनेक जण “धातुरहित उत्प्रेरक” असे शीर्षक लिहून मोकळे होतात.

आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. सांखळी, डिचोली, उसगाव या खाणपट्ट्यांत लोहखनिजाची लाल धूळ कशी सर्वत्र बसते हे तेथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि इतरत्रही जांभ्याची माती, विहिरीचे पाणी, गच्चीवर वाळत घातलेल्या करवंट्या या वाटेने लोह नमुन्यात शिरते. युरिया किंवा मेलामाइन मिसळून हा कोळसा आठशे-नऊशे अंशांवर भाजला, की नायट्रोजनने बांधलेले लोहाचे अणू आणि लोहाचे कार्बाइड तयार होतात, आणि दोन्ही विद्युत्-उत्प्रेरक म्हणून काम करतात. म्हणजे नायट्रोजनयुक्त कार्बनच्या नावे लिहिलेले श्रेय खाणीच्या धुळीचे असू शकते.

विकतच्या कार्बनबाबत निश्चिंत राहावे असेही नाही. कार्बन नॅनोट्यूब लोह, कोबाल्ट किंवा निकेलच्या कणांवर वाढवल्या जातात आणि आम्लाने धुतल्यानंतरही ग्राफाइटच्या थरात गुंडाळलेले काही कण आत राहतात. ग्राफीन ऑक्साइड बनवताना पोटॅशियम परमँगनेट वापरले जाते, त्यामुळे मँगनीजचा अंश उरतो. २०२० मध्ये काही संशोधकांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा घालून भाजली आणि तो पदार्थ साध्या ग्राफीनपेक्षा चांगला उत्प्रेरक निघाल्याचे दाखवले. ग्राफीनमध्ये काहीही मिसळून शोधनिबंध लिहिण्याच्या प्रवृत्तीला त्यांनी काढलेला तो चिमटा होता.

यावर उपाय कष्टाचे आहेत, पण अवघड नाहीत. करवंटी किंवा टरफल भाजण्याआधी आणि भाजल्यानंतर, दोन्ही वेळा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावे आणि धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत शुद्ध पाण्याने पुन्हा धुवावे. काजूच्या टरफलातील तेल कातडी भाजते, म्हणून ते हाताळताना हातमोजे घालावेत आणि पहिली धग धूरखेच्या कपाटातच द्यावी. धातू न घातलेला, बाकी सर्व पायऱ्यांतून तसाच गेलेला कोरा कार्बन नेहमी शेजारी तपासावा. आम्ल द्रावणात थायोसायनेटचे थोडे द्रावण टाकून पाहावे: तो आयन बहुतेक धातूंच्या सक्रिय जागा अडवतो, त्यामुळे प्रवाह एकदम घसरला तर तेथे धातूच काम करत होता असे समजावे.

पावसाळ्यातले वजन

वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तराजूवर दिसणारा आकडा जून ते सप्टेंबरमध्ये संशयानेच वाचावा. कोबाल्ट क्लोराइड आणि निकेल क्लोराइड ओलसर होतात, फेरिक क्लोराइड तर बाटली उघडी राहिली की चिखल होते, आणि सक्रिय कार्बन हवेतील बाष्प इतक्या आवडीने शोषतो की वजन करत असतानाच आकडा वर सरकताना दिसतो. अशा कार्बनचे पाच मिलिग्रॅम घेऊन केलेल्या इंकमध्ये (इलेक्ट्रोडवर थेंबाने लावायच्या उत्प्रेरकाच्या द्रवात) प्रत्यक्षात कार्बन किती आणि पाणी किती, हे कोणालाच सांगता येत नाही. आधार ११० अंशांवर रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करावा आणि लगेच तोलावा.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांची गोष्ट त्याहून निराळी. नव्या बाटलीतही त्यांची शुद्धता बहुधा ८५ टक्क्यांच्या आसपास असते, उरलेले मुख्यतः पाणी. एक मोलर द्रावणासाठी ५६ ग्रॅम तोलले तर हाती सुमारे ०.८५ मोलर येते. ६६ ग्रॅम घ्यावे लागतात. शिवाय हे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट बनवत राहते, आणि काचेच्या बाटलीत ठेवले तर काचेतील सिलिका व लोहही हळूहळू ओढून घेते. ते पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवावे आणि सेलही टेफ्लॉनचा वापरावा.

धातूचे प्रमाण किती, याबाबतही “टाकले तेवढे बसले” असे धरून चालू नये. थर्मोग्रॅव्हिमेट्रीमध्ये (नमुना तापवत वजन मोजण्याच्या पद्धतीत) हवेत कार्बन जळून गेल्यावर जे उरते ते धातू नव्हे, ऑक्साइड असते. निकेलच्या नमुन्यात २५.४ टक्के अवशेष उरला तर त्यात निकेल सुमारे २० टक्केच आहे. ही वजावट विसरल्याने चांगले प्रबंध परत आलेले मी पाहिले आहेत.

पावसाळ्याचे दुसरे अंग म्हणजे वीज जाणे. नमुना नायट्रोजनमध्ये सातशे अंशांवर भाजत असताना वीज गेली, की बहुतेक विद्युत-नियंत्रित गॅस व्हॉल्व्ह बंद होतात. मग भट्टी थंड होते, नळीतला वायू आकसतो, आणि बाहेरच्या टोकाला लावलेल्या बबलरमधले तेल किंवा बाहेरची हवा आत ओढली जाते. सकाळी नळी उघडली तर काळ्या भुकटीच्या जागी करडी राख. यासाठी नायट्रोजनच्या वाटेवर हाताने उघडता येणारा साधा रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारी नळी) समांतर लावून ठेवावा आणि बबलरच्या आधी एक रिकामी बाटली जोडावी. नळी गरम असताना उघडण्याची घाई तर कधीच करू नये: कार्बनवरचे बारीक निकेल किंवा लोह हवा लागताच पेट घेऊ शकते. ते खोलीच्या तापमानाला आणून, एक टक्का ऑक्सिजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये काही तास ठेवून मगच बाहेर काढावे.

इंक आणि थेंब

पाच मिलिग्रॅम उत्प्रेरक, पाणी आणि आयसोप्रोपॅनॉल मिळून एक मिलिलीटर, त्यात नॅफियॉनचे थोडे द्रावण, ही पाककृती सर्वांना पाठ असते. चुका कृतीत होतात. कोरड्या प्लॅटिनम-कार्बनवर थेट अल्कोहोल ओतल्यास ते पेटू शकते. आधी पाणी घालून भुकटी पूर्ण भिजवावी आणि नंतरच अल्कोहोल घालावे. अल्ट्रासोनिक बाथमधले पाणी अर्ध्या तासात गरम होते, अल्कोहोल उडते, इंक दाट होते आणि थेंबातला उत्प्रेरक वाढतो, म्हणून बाथमध्ये बर्फ टाकत राहावे. नॅफियॉन जास्त झाले तर त्याचा थर कणांवर बसून वायूची वाट अडते.

ज्यावर थेंब वाळवतात त्या पाच मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनच्या चकतीचे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस सेंटिमीटर असते. वरील इंकचे दहा मायक्रोलीटर म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२५ मिलिग्रॅम. हा आकडा प्रत्येक आलेखाखाली असायलाच हवा. थेंब पंख्याखाली वाळवला तर चहाचा कप उचलल्यावर टेबलावर उरते तसे वर्तुळ तयार होते: कडेला जाड, मध्ये चकती उघडी. वाळताना इलेक्ट्रोडवर एक छोटा चंचुपात्र उपडे ठेवले तर अल्कोहोल सावकाश उडते आणि थर सारखा बसतो. पसरलेला थर भिंगातून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाहायला अर्धा मिनिट लागतो.

शून्य कुठे आहे

ओव्हरपोटेन्शियलचा आकडा सांगणे म्हणजे शून्यापासूनचे अंतर सांगणे, आणि ते शून्य संदर्भ इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव मोजतात त्या इलेक्ट्रोडच्या, भरवशावर ठरते. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड सर्वांकडे असतो म्हणून तो एक मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येही बुडवला जातो. तेथे हायड्रॉक्साइड त्याच्या सच्छिद्र टोकातून आत जाते, चांदीचे ऑक्साइड बनते, क्लोराइड बाहेर झिरपते आणि विभव दिवसागणिक सरकत जातो. अल्कलीसाठी मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड वापरावा आणि तो आम्लात बुडवू नये. आम्लासाठी मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेट चांगला, त्यात क्लोराइडही नसते.

त्यानंतर आरएचई (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड) या, त्याच द्रावणातील हायड्रोजनला शून्य मानणाऱ्या, मापनपट्टीवर येण्यासाठी ०.०५९ गुणिले पीएच हे सूत्र वापरले जाते, आणि एक मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा पीएच सरसकट १४ धरला जातो. पीएचमध्ये ०.३ ची चूक म्हणजे जवळजवळ १८ मिलिव्होल्टची चूक. शिवाय ०.०५९ हा गुणक २५ अंशांचा आहे. एप्रिलमध्ये आमची प्रयोगशाळा एसी बंद असताना ३१-३२ अंशांवर असते, तेव्हा गुणकही बदलतो आणि पाण्याचा आयनी गुणाकारही. हा हिशेब कागदावर करत बसण्यापेक्षा शून्य प्रत्यक्ष मोजावे. तेच द्रावण, त्याच तापमानाला, शुद्ध हायड्रोजनने अर्धा तास संपृक्त करावे, कार्यकारी व काउंटर इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमच्या स्वच्छ तारा लावाव्यात, सेकंदाला एक मिलिव्होल्ट या संथ गतीने पुढे-मागे जावे, आणि प्रवाह शून्यातून जातो ते दोन विभव नोंदवून सरासरी घ्यावी. तेच आरएचईचे शून्य. हे काम वर सांगितलेल्या प्लॅटिनमच्या वेगळ्या भांड्यातच करावे, आणि हायड्रोजनची नळी धूरखेच्या कपाटात सोडावी, कारण हवेत चार टक्क्यांपासून पुढे तो ज्वालाग्राही असतो.

शून्य सापडल्यावर द्रावणाच्या रोधाची वजावट येते. समजा रोध ८ ओहम आहे. पाच मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर म्हणजे प्रत्यक्षात १.९६ मिलिअँपिअर, त्यामुळे रोधात सुमारे १६ मिलिव्होल्ट जातात. तोच प्रवाह १०० झाला तर १५७. म्हणजे कमी प्रवाहावर ही वजावट बारीकसारीक वाटते आणि जास्त प्रवाहावर तीच निकाल ठरवते. रोध इम्पिडन्सने (प्रत्यावर्ती व्होल्टेज देऊन) मोजावा, तो प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी नव्याने मोजावा, आणि मूळ आलेख व वजावट केलेला आलेख दोन्ही दाखवावेत. वजावट जास्त झाल्याचे लक्षण ओळखणे सोपे आहे: प्रवाह वाढत असताना आलेख मागे वळतो, जणू जास्त हायड्रोजन काढायला कमी व्होल्टेज लागत आहे. असा आलेख मी छापलेलाही पाहिला आहे.

संपूर्ण मांडणी नीट आहे की नाही, याची सर्वांत चांगली परीक्षा विकतच्या २० टक्के प्लॅटिनम-कार्बनने होते. अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्लात त्याला १० मिलिअँपिअरसाठी साधारण ३० मिलिव्होल्ट लागायला हवेत. आपल्याकडे ८० लागत असतील तर आपला उत्प्रेरक “प्लॅटिनमच्या जवळपास” पोचलेला नाही. आपले प्लॅटिनमचे मापनच बिघडलेले आहे, आणि इंक, संदर्भ इलेक्ट्रोड, रोध या क्रमाने दोष शोधायचा आहे.

आलेखाच्या आकारावरूनही काही दोष कळतात. आलेखाला करवतीसारखे दात दिसले तर बुडबुडे चिकटून सुटत आहेत. इलेक्ट्रोड मिनिटाला १६०० फेऱ्यांनी फिरवावा, आणि तरीही दात गेले नाहीत तर नॅफियॉन कमी करून पाहावे. हायड्रोजन सुटण्याआधीच, शून्याच्या धन बाजूला, एक सपाट पठार दिसत असेल तर तो विरघळलेला ऑक्सिजन आहे. हवेने संपृक्त आम्लात प्लॅटिनमवर त्या वेगाने त्याचा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मिलिअँपिअर होतो, म्हणजे आपण मोजत असलेल्या दहातला एक. आर्गॉन किंवा नायट्रोजन अर्धा तास सोडावा आणि मापन चालू असतानाही द्रावणाच्या वर त्याचे आवरण ठेवावे.

क्षेत्रफळाचा घोळ आणि टाफेलचा मोह

दुहेरी थराची (इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्या सीमेवर भार साठतो त्या थराची) धारिता मोजायची, तिला चौरस सेंटिमीटरला ४० मायक्रोफॅरडने भागायचे आणि आलेल्या आकड्याला सक्रिय क्षेत्रफळ म्हणायचे, ही पद्धत सपाट धातूसाठी ठीक आहे. कार्बनवर बसवलेल्या उत्प्रेरकात ती दिशाभूल करते. व्हल्कन एक्ससी-७२ या नेहमीच्या कार्बन ब्लॅकचे क्षेत्रफळ ग्रॅमला अडीचशे चौरस मीटरच्या आसपास असते, त्यामुळे इलेक्ट्रोडवरचा ०.०४ मिलिग्रॅम कार्बनसुद्धा सुमारे शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग घेऊन येतो. धारिता जवळजवळ सारी त्याचीच असते. धातू अर्धा केला तरी आकडा तेवढाच राहतो, आणि मग “प्रत्येक सक्रिय जागेची कार्यक्षमता दुप्पट” असा निष्कर्ष निघतो. प्लॅटिनमसाठी हायड्रोजन अधिशोषणाचा विद्युतभार मोजावा आणि चौरस सेंटिमीटरला २१० मायक्रोकूलंबने भागावा. इतर धातूंसाठी तितका खात्रीचा मार्ग नसेल तर प्रवाह धातूच्या वजनाप्रमाणे द्यावा आणि क्षेत्रफळाचा दावा सोडून द्यावा.

टाफेल स्लोप (प्रवाह दहापट व्हायला लागणारे जादा मिलिव्होल्ट) काढून १२०, ४० किंवा ३० यांपैकी जवळच्या आकड्यावरून अभिक्रियेची संथ पायरी जाहीर करणे, हा असाच एक मोह. प्लॅटिनमचा आम्लातला ३० हा आकडा तर बहुतांशी तयार झालेला हायड्रोजन पृष्ठभागापासून दूर जाण्याच्या गतीचा असतो. पृष्ठभागावरची अभिक्रिया त्याहून इतकी वेगवान आहे की साध्या फिरत्या इलेक्ट्रोडने ती पकडता येत नाही. स्लोप द्यावा, तो कोणत्या प्रवाहमर्यादेत काढला ते लिहावे, आणि यंत्रणेबद्दल त्याच्या जोरावर बोलू नये.

एकशे सहा टक्के

“सर, एकशे सहा टक्के आले.” हे वाक्य मी एका मे महिन्यात ऐकले आणि सांगणाऱ्याचा चेहरा आनंदी होता.

त्याने १० मिलिअँपिअर प्रवाह एक तास चालवला होता, म्हणजे ३६ कूलंब. त्यातून ०.१८७ मिलिमोल हायड्रोजन मिळायला हवा, आणि २५ अंशांना कोरडा मोजला तर त्याचे आकारमान ४.५७ मिलिलीटर भरते. त्याच्या पाण्यावर उपड्या धरलेल्या अंशांकित नळीत ४.८५ मिलिलीटर दिसत होते. चूक यंत्रात नव्हती. खोलीत ३० अंश होते, त्यामुळे तेवढाच वायू ४.६४ मिलिलीटर झाला. शिवाय पाण्यावर गोळा केलेल्या वायूत त्या तापमानाला बाष्पाचा दाब ४.२४ किलोपास्कल असतो, आणि बाष्प धरून आकारमान ४.८५ वर जाते. म्हणजे फॅराडे कार्यक्षमता (दिलेल्या विद्युतभारापैकी हायड्रोजन बनवण्यात गेलेला वाटा) बरोबर शंभर टक्के होती.

खरा धोका याच्या उलट बाजूचा आहे. नव्वद टक्के हायड्रोजन निघत असेल तर बाष्प आणि उष्णता मिळून तो आकडा पंचाण्णववर नेऊन ठेवतात, आणि हरवलेले दहा टक्के कोठे गेले हा प्रश्नच कोणी विचारत नाही. ते ऑक्सिजनच्या अपचयनात गेलेले असू शकतात किंवा नमुन्यातील धातूच्या ऑक्साइडचे अपचयन होण्यात. वायू शक्यतो गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजावा. नळीनेच मोजायचा असेल तर नळीच्या आत आणि बाहेर पाण्याची पातळी एक करून वाचन घ्यावे आणि तापमान त्याच ओळीत लिहावे.

बंद करताना

हायड्रोजन निघत असताना कॅथोडवरचा कार्बन सुरक्षित असतो. तोच इलेक्ट्रोड ऑक्सिजनच्या बाजूला लावून “दोन्ही बाजूंना एकच उत्प्रेरक” असा प्रयोग केला, की चित्र पालटते: कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर ०.२०७ व्होल्टपासूनच शक्य असते आणि ऑक्सिजन तर १.२३ च्या पुढे सुटतो. त्या बाजूचा प्रवाह ऑक्सिजनचा की जळणाऱ्या कार्बनचा, हे वायू मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

कॅथोडवर टिकण्याचा प्रश्न प्रवाह थांबल्यावर उभा राहतो. एका चवथीच्या सुटीत आम्ही कोबाल्ट फॉस्फाइड आणि कार्बनचा इलेक्ट्रोड सल्फ्युरिक आम्लात सलग चालायला ठेवून घरी गेलो. परतल्यावर प्रवाह निम्म्यावर आला होता आणि द्रावणाला पुसट गुलाबी छटा होती. उत्प्रेरक टिकाऊ नाही असे लिहायची तयारी झाली होती, तोच संगणकातील नोंद उघडून पाहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी यूपीएस संपला होता आणि वीज येईपर्यंत ४१ मिनिटे इलेक्ट्रोड आम्लात विनाप्रवाह बसला होता. हायड्रोजनचे संरक्षण गेल्यावर द्रावणातील ऑक्सिजनने त्याचा विभव वर ओढला आणि कोबाल्ट विरघळला. त्याआधीच्या पन्नास तासांत आलेख जवळजवळ सरळ होता. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. प्रवाह थांबला की इलेक्ट्रोड आम्लाच्या बाहेर उचलणारी, विजेवर न चालणारी एक स्प्रिंगची कडी बसवली, आणि टिकाऊपणाच्या आलेखात प्रवाह खंडित झालेला प्रत्येक काळ राखाडी पट्टीने दाखवायला सुरुवात केली.